बुंध्याशी मारलेली खूण

फेब्रुवारीच्या शेवटी दादाचा फोन आला. तब्येतपाणी विचारून झाल्यावर म्हणाला, "एक सही लागणार आहे तुझी. बांधावरचे साग काढायचे म्हणतोय. व्यापारी बघून गेलाय."

मी विचारलं, "किती?"

"सगळे. अडतीसच्या अडतीस."

मी काही बोलले नाही. तोही थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "विचार कर आणि सांग." फोन ठेवला. दूध उतू जायला आलं होतं, ते मी उतरवलं आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिले.

ते साग आप्पांनी लावलेले. आप्पा म्हणजे आमचे वडील. २०२३ च्या पावसाळ्यात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. माझी सही लागते ती कायद्यानं. कर्नाटकात १९९४ पासून मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क आहे. आमच्या पिढीतल्या बहुतेक बायकांनी तो हक्क भावाला सोडून दिला आणि माहेरची वाट मोकळी ठेवली. मीही सोडणार होते. पण आप्पांनीच सोडू दिला नाही. "सही करायची असेल तर वाचून कर, आणि करायची नसेल तर करू नको," एवढंच ते म्हणाले होते. आयुष्यभर सह्या घेतलेला माणूस तो! सहीची किंमत त्यांना ठाऊक होती.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, पूर्वेकडच्या अंगाला, जिथं डोंगर संपून शेतं सुरू होतात. गावात जैनांची घरं मोजकी. मंदिर लहान, पण रोजचा अभिषेक चुकलेला नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि आजी चिडली की दोन्ही. आप्पा मॅट्रिक झाले आणि १९५२ साली जंगल खात्यात फॉरेस्टर म्हणून लागले. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आप्पांचं जंगल आहे तिथंच राहून म्हैसूर राज्यात गेलं. झाडांना काही कळलं नाही, आप्पांना मात्र कळलं. कागद कन्नडमधून लिहायची वेळ आली. बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. धाकट्या काकांचं शाळेचं अंकलिपीचं पुस्तक घेऊन पंचविशीतला हा माणूस रात्री कंदिलाखाली अक्षरं गिरवायचा. सीमेच्या प्रश्नावर गावात काय वाद व्हायचे ते व्हायचेच, त्यात आप्पांची स्वतःची मतंही होती, पण ते म्हणायचे, "माझ्या हाताखालच्या गार्डाला माझा कागद वाचता आला पाहिजे."

लोंढा, गुंजी, नागरगाळी, कणकुंबी, अशा त्यांच्या बदल्या व्हायच्या. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, आणि पाऊस असा की चार महिने कपडा वाळत नाही. आई तिथं लग्न होऊन आली ती बेळगावच्या पेठेतून. तिनं आयुष्यात जळू बघितलेली नव्हती. पायाला जळू लागली की गावातल्या बायका मीठ टाकायच्या. आईला ते जमेना. ती पानानं हळूहळू सोडवायची आणि पायरीखाली नेऊन ठेवायची. शेजारणी हसायच्या, "वहिनी, ती परत येतेय की!" आई म्हणायची, "येऊ दे. परत सोडवीन."

जंगलात राहून आपला आचार पाळणं ही काय कसरत असते, ते आईनं केलं म्हणून मला माहीत आहे. ओढ्याचं पाणी दोन पदरी कापडातून गाळायचं आणि गाळण्यातले जीव परत त्याच ओढ्यात नेऊन सोडायचे. गवळी-धनगरांच्या बायका प्रेमानं लोण्याचा गोळा घेऊन यायच्या. लोणी आपल्याला चालत नाही, नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडतं. मग आई त्यांच्यासमोरच चूल पेटवून ते कढवायची आणि त्यांना तुपाचा वास घ्यायला लावायची. मध मात्र ती हात जोडून परत करायची. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि आप्पा तर जंगलातून कधी येतील त्याचा नेम नाही. कितीतरी दिवस आप्पा उपाशी झोपले. आई विचारायची, "अहो, थोडं लवकर निघता येत नाही का?" ते म्हणायचे, "लाकूड चोरणारे सूर्यास्त पाळत नाहीत गं."

आमच्या घरात फर्निचर असं काही नव्हतं. लोखंडी खाट, पत्र्याच्या दोन खुर्च्या. जंगल खात्यात नोकरी, सभोवती साग आणि शिसवी, आणि फॉरेस्टरच्या घरी पत्र्याच्या खुर्च्या! एका ठेकेदारानं आईला देव्हारा करून पाठवला होता, शिसवीचा, कोरीव. आईला फार आवडला होता. तिनं तो एक रात्र घरात ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तो बैलगाडीत घालून परत पाठवला. "अहो, देवासाठीच होता ना," आई म्हणाली. आप्पा म्हणाले, "म्हणून तर." आईचा देवघरातला पाट शेवटपर्यंत आंब्याच्या फळीचाच राहिला. तो शिसवीचा देव्हारा मात्र ती म्हातारपणीही आठवायची. तिची हौस आप्पांच्या सचोटीत गेली, हे लिहिलं पाहिजे. मोठ्या माणसांच्या चरित्रात हा खर्च कुणी मांडत नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना आप्पा मला एकदोनदा कुपात घेऊन गेले होते. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरवून दिलेला जंगलाचा तुकडा. तोडीआधी मार्किंग व्हायचं. गार्ड छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, टेप गुंडाळून घेर मोजायचा. कुऱ्हाडीनं सालीची चकती काढायची, तिथं नंबर घालायचा. मग आप्पा खाली बसायचे. अगदी जमिनीलगत, बुंध्याशी दुसरी चकती काढून तिच्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का मारायचे. ठप्प असा आवाज यायचा.

मी विचारलं, "आप्पा, दोनदा कशाला?"

"वरचा नंबर लाकडाबरोबर जातो. खालचा शिक्का बुडख्यावर राहतो. उद्या साहेब आला आणि म्हणाला, हे झाड कुणाच्या हुकमानं पडलं, तर बुडखा सांगतो."

"आणि ज्यांच्यावर काळा पट्टा आहे ती?"

"ती राखायची. त्यांना वर पट्टा, खाली काही नाही."

चातुर्मासात जंगलातली तोड बंद असे. धर्मामुळं नव्हे, चिखलामुळं. पण आप्पांना त्याचं बरं वाटायचं. पावसाच्या तोंडावर सागाची लागवड व्हायची. वर्षभराचं रोप उपटून, मुळाचा आणि खोडाचा आखूड तुकडा ठेवून बाकी छाटायचं आणि पहारेनं भोक पाडून त्यात तो तुकडा बसवायचा. बोटाएवढी ती काडी बघून वाटायचं, हे मेलेलं आहे. आठ-पंधरा दिवसांत तिला हिरवा डोळा फुटायचा. आणि पाच-सहा वर्षांनी आप्पाच तिथं जाऊन काही झाडं काढायला लावायचे. याला विरळणी म्हणतात. दाट लावायचं म्हणजे रोपं उजेडासाठी सरळ वर चढतात, आणि मग दुबळी, वाकडी, दबलेली काढून टाकायची म्हणजे उरलेली भरतात. "आपणच लावायची आणि आपणच तोडायची?" मी विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "नाही तोडली तर सगळीच काटक्या होतात."

१९७६ साली मोठे काका अचानक गेले. घरी शेती बघायला कुणी नव्हतं. चोवीस वर्षांची नोकरी सोडून आप्पा गावी आले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी बांधावर साग लावले. त्याच सुमारास गावच्या सोसायटीला चिटणीस हवा होता. हिशेबाला चोख म्हणून लोकांनी आप्पांना बसवलं. पुढं ते चेअरमन झाले आणि वीस वर्षं राहिले.

शहरातल्या मैत्रिणींना सोसायटी म्हणजे फ्लॅटची वाटते. आमच्याकडं सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था. शेअर घ्यायचा, पिकासाठी कर्ज घ्यायचं, सुगीला फेडायचं. १९०४ च्या सहकारी कायद्यानंतर भारतातली पहिली अशी खेड्यातली सोसायटी १९०५ साली निघाली ती आमच्याच बाजूला, गदगजवळच्या कणगिनहाळला, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात. आप्पांना याचा मोठा अभिमान. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर खेड्याकडं बँका सरकल्या, पण बँकेची पायरी चढायला आमचे लोक बिचकायचे. सोसायटीच्या ओसरीवर मात्र चपला काढून खुशाल बसायचे. अंगठा उठवायला आलेल्याला आप्पा आधी पाटी देत. "नाव लिही तुझं. चार अक्षरं तर आहेत." लोक वैतागायचे. कर्ज मागायला आलोय की शाळेत? पण किती जण तिथं सही शिकले!

हे सगळं गौरवाचं झालं. आता दुसरं सांगते.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक काकू होत्या. नवरा गेलेला, दोन मुली, दोन एकर कोरडवाहू. नवऱ्याच्या नावचं कर्ज थकलं. एक वर्ष मुदत दिली, दुसरं दिलं. तिसऱ्या वर्षी जप्तीचा ठराव झाला आणि त्यावर सही आप्पांची होती. घरातली पितळेची भांडी उचलून आणली. घागर, हंडा, परात. ओसरीवर मांडून लिलाव पुकारला. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आलेले. काकू दारात उभ्या होत्या, रडत नव्हत्या. ते जास्त वाईट होतं.

आईनं आप्पांना विचारलं, "तुमच्या पदरचे भरले असते तर?"

"मग पुढच्या वर्षी चाळीस घरं माझ्या पदराकडं बघतील. संस्थेचे पैसे माझे नाहीत. ते ज्यांनी फेडले त्यांचे आहेत."

बोलणं खोटं नव्हतं. पण आईला ते पटलं नाही. तिनं धाकट्या मामाला बोली लावायला पाठवलं आणि घागर-हंडा दोन्ही सोडवून आणली. पैसे कुठून आणले ते मला तिच्या हातातल्या पाटल्या दोनाच्या एक झाल्यावर कळलं. रात्री ती भांडी मागच्या दारानं काकूंच्या घरी ठेवून आली. आप्पांना कळलं नसेल असं होणारच नाही. ते काही बोलले नाहीत. आईही चार महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. आमच्या घरात भांडण कधी मोठ्यानं झालं नाही, पण चार महिने ताटातलं वाढणं मुक्यानं होणं म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको.

१९८७ साली कर्नाटकात मंडल पंचायती आल्या. पूर्वीच्या पंचायतींना चेअरमन असे, आता मंडलाला प्रधान. आणि नवी गोष्ट म्हणजे पंचवीस टक्के जागा बायकांना. आप्पा निवडून आले, प्रधान झाले. आणि बायकांच्या जागेवर निवडून आल्या त्यात त्या काकू होत्या! पहिल्याच बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि प्रधानांना म्हणाल्या, "आमच्या गल्लीत नळ नाही. लिहून घ्या. मी सही करीन, अंगठा नव्हे." सही कुठं शिकल्या होत्या? सोसायटीच्या ओसरीवर, आप्पांच्या पाटीवर. आप्पा घरी येऊन हे आईला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. नळ सहा महिन्यांत आला. त्यानं घागरीची भरपाई झाली का? नाही झाली. काकू आमच्या घरी हळदीकुंकवाला यायच्या त्या आईकडं. आप्पा ओसरीवर असले तर डोक्यावर पदर घेऊन सरळ आत जायच्या.

दुसरी गोष्ट दादाची. १९८४ साली दादाला वीटभट्टी घालायची होती. खानापूरची माती विटा-कौलांना चांगली, मागणीही होती. सोसायटीकडं अर्ज केला. बाकीचे संचालक तयार होते. आप्पांनी अर्ज फेटाळला. चेअरमनच्या मुलाला कर्ज नाही, हे एक कारण. दुसरं त्यांनी घरात सांगितलं. भट्टी लाकूड खाते. "इतकी वर्षं मी जे राखलं, ते तू जाळणार?" दादानं खाजगी सावकाराकडून पैसे उचलले, जास्त व्याजानं. भट्टी सहा-सात वर्षं चालली, कर्ज फिटलं, हातात काही राहिलं नाही. त्यानंतर बापलेक एका घरात राहिले, एका ताटाशेजारी जेवले, पण दादाच्या मनातला तो अर्ज तसाच पडून राहिला.

मी सागाबद्दल नाही म्हणाले तेव्हा तो बाहेर आला.

मार्चमध्ये मी गावी गेले ती ठरवून की सही करायची नाही. दादाला म्हटलं, "आप्पांची आठवण आहे ती. सत्तेचाळीस वर्षांची झाडं. आणि आपल्यात वृक्षतोड म्हणजे..."

दादा म्हणाला, "आपल्यात म्हणजे काय? तू बेळगावात स्लॅबच्या घरात राहतेस. इथं २०१९ च्या पावसात मागची भिंत पडली ती अजून पत्र्यावर आहे. आप्पांनी झाडं सांभाळली. पोरगा नाही सांभाळला."

मला उत्तर सुचलं नाही. कारण खरं तर धर्म मी आडोशाला घेतला होता. आणि त्या धर्माच्या बाबतीत आप्पा माझ्यापेक्षा कितीतरी पुढं जाऊन आले होते.

सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या स्वाध्यायात पंडित आशाधरांचं सागारधर्मामृत चाललं होतं. श्रावकानं टाळायच्या पंधरा खरकर्मांचा विषय निघाला. त्यात पहिलं नाव वनकर्माचं, म्हणजे झाडं तोडण्यावर उपजीविका. पुढं अग्नीवर चालणारा व्यवसायही आहे. मी चरकले. वडिलांच्या त्याच पगारावर मी वाढले, शिकले, बी.ए. झाले. गावी गेल्यावर न राहवून आप्पांना विचारलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तुला आज कळलं होय? मला १९५२ सालीच सांगितलं होतं आमच्या आजोबांनी."

"मग?"

"मग काय. मी नसतो तर दुसरा असता, असं मी कधी म्हटलं नाही. ते चोराचं बोलणं. मी एवढंच म्हटलं, की माझ्या हातानं शिक्का बसलेलंच पडेल, न बसलेलं पडणार नाही. तेवढं केलं. पण शिक्का माझाच होता."

त्या वर्षी जवळच्या गावी एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. आप्पा ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत गेले, मी सोबत. महाराजांपुढं बसून म्हणाले, "चोवीस वर्षांत किती झाडांना शिक्का मारला ते माझ्याकडं लिहिलेलं आहे. दरवर्षीची बेरीज केलीय." आणि पुढं सरकून आकडा हळूच सांगितला. मला ऐकू आला नाही. महाराज बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोजलंत हे बरं केलंत. लोक पुण्य मोजतात." आप्पांनी नियम मागितला, कृत-कारित-अनुमोदना तिन्हींचा, म्हणजे तोडायचं नाही, तोडवायचं नाही, तोडीला मान द्यायची नाही. महाराजांनी दिला नाही. "तुम्हाला शेत आहे, मुलं आहेत. स्वतःच्या हातानं हिरवी फांदी तोडायची नाही, एवढाच नियम घ्या. पाळता येईल तेवढाच घ्यावा." त्या दिवसापासून आप्पांनी अंगणातली तुळससुद्धा खुडली नाही. कढीपत्ता तोडून द्यायला सुनेला हाक मारायचे.

दादाच्या त्या वाक्यानंतर मी उठून एकटीच बांधावर गेले. पानगळ झालेली, खाली वाळकी पानं पापडासारखी वाजत होती. झाडं बघत चालले. सरळसोट, दोन हातांच्या मिठीत न मावणारी काही. मधेच काही बारीक, एखादं शेजारच्याच्या सावलीतून बाहेर पडायला वाकडं झालेलं. अशाच एका वाकड्या झाडापाशी पानं सरकली आणि बुंध्याशी पांढरं दिसलं. चुन्याची तीन बोटं. मला वाटलं, वाळवीसाठी लावला असेल. पण वाळवीसाठी लावतात तो चुना कमरेपर्यंत, आणि सगळ्या झाडांना. पुढचं बघितलं, काही नाही. त्याच्या पुढचं, काही नाही. मग एक बारीक झाड, आणि परत जमिनीलगत तीन बोटं.

मी खाली बसून पायानं, हातानं पानं बाजूला करत अडतीसही झाडं बघितली. अकरांवर खूण होती.

शेतावरच्या गड्याला विचारलं. तो म्हणाला, "गेल्या सालच्या उन्हाळ्यात आप्पा लावत बसले होते की. मी चुन्याची वाटी धरली होती. एका झाडापाशी अर्धा अर्धा तास बघत बसायचे. तीन दिवस चाललं होतं."

मी दादाला बोलावून आणलं. त्याला खूण दाखवली. "अंगठ्याएवढा चुना आहे, त्याचं काय?" तो म्हणाला. मी त्याला कुपातली ती गोष्ट सांगितली. वरचा नंबर, खालचा शिक्का, राखायच्या झाडाला खाली काही नाही. दादा लहानपणी आजीकडं शाळेसाठी गावात राहिला, त्यानं मार्किंग कधी बघितलं नव्हतं. मला त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं, की जंगलातले आप्पा मला मिळाले होते, त्याला मिळाले नव्हते.

तो एकेका खुणेच्या झाडापाशी गेला. मान वर करून शेंडा बघितला, आजूबाजूची झाडं बघितली. शेतकरीच तो, त्याला सांगावं लागलं नाही. म्हणाला, "दबलेलीच धरलीत. ही काढली की बाजूची मोकळी होतात."

"हो."

"म्हणजे आप्पांची हरकत नव्हती."

"सगळ्यांची होती. आणि अकरांची नव्हती."

मी 'सगळी राखायची' म्हणत होते, तो 'सगळी काढायची' म्हणत होता. आप्पांनी आमच्या दोघांचंही ऐकलेलं नव्हतं. हात न लावता, कुणाला न सांगता, तीन दिवस उन्हात बसून त्यांनी पाप किती लागतं ते ठरवून ठेवलं होतं. हे नियमात बसलं का? अक्षरानं बसलं. हात त्यांचा नव्हता. पण कारित त्यांचंच, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ते त्यांनी आपल्या नावावर घेतलं आणि मग गेले. असं मला वाटतं. शास्त्र जाणणाऱ्या मैत्रिणींना वेगळं वाटलं तर त्यांनी मला जरूर सांगावं.

दादा म्हणाला, "अकरात घर नाही होत." मी म्हटलं, "दारं-खिडक्या, तुळया होतील. विटांचं आणि सिमेंटचं मी बघते, माझ्या नावची ठेव आहे." ती ठेव आप्पांनीच मला उघडायला लावली होती, लग्नानंतर पहिल्या महिन्यात, माझ्या एकटीच्या नावावर. दादानं नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. बांधावर बसून त्यानं एक वाळकं पान हातात चुरडलं आणि म्हणाला, "मला कधी नेलं नाही गं त्यांनी जंगलात."

खाजगी जमिनीतल्या झाडांनाही कर्नाटकात १९७६ च्या कायद्याखाली तोडीची परवानगी लागते, आणि तोडलेल्यांच्या बदली नवी लावावी लागतात. दुसऱ्या दिवशी ओसरीवर दादा अर्ज भरायला बसला. कन्नड माझ्यापेक्षा त्याचं चांगलं. झाडांची संख्या अकरा. जात साग. मग तो थांबला.

"तोडीचं कारण काय लिहू? घरदुरुस्ती?"

मी म्हटलं, "घरदुरुस्ती लिही. पण त्याच्या आधी विरळणी लिही."

त्यानं लिहिलं. मी वाचलं, आणि मग सही केली.